पाठकोरे कागद

४ जानेवारी

प्रिय धाकट्या,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही. जायचं ते माणूस मागच्या मे महिन्यात गेलं, तू दोन तास येऊन गेलास, आणि आता या घरातून जाण्यासारखी मी एकटीच उरले आहे. मला तूर्त सवड नाही.

फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू नुसतं हं-हं करतोस आणि मागे तुझी यंत्रं घरघरत असतात. पत्राला निदान पूर्ण वाक्यात उत्तर द्यावं लागतं.

काम असं आहे. शब्दकोशाच्या कचेरीत मी सध्या ‘न’वर आहे. ‘नासाडी’ शब्दाची नोंद तीनदा लिहिली आणि संपादकबाईंनी तीनदा परत केली. मी लिहिलं होतं, ‘उपयोगी वस्तूचा निष्काळजीपणाने केलेला नाश.’ बाई म्हणाल्या, अर्थ बरोबर आहे पण जीव नाही, रोज हा शब्द वापरणाऱ्या माणसाचं एखादं वाक्य आणा. मला तू आठवलास. दिवसभर कात्री चालवणारा माणूस म्हणजे नासाडीतला जाणकार. तुमच्या कारखान्यात हा शब्द कशाला वापरतात, आणि उधळपट्टी कशाला म्हणतात, ते सांग. तुमचे कारागीर बोलतात तसं लिही, पुस्तकी नको.

घाई अशासाठी की मार्चअखेर कचेरीची जागा सोडायची आहे. एकेक शब्द आणि कुणीतरी बोललेलं त्याचं वाक्य लिहिलेल्या चार लाख चिठ्ठ्या कुठे नेणार? म्हणून एक कंत्राटी गृहस्थ प्रत्येक चिठ्ठीचा फोटो काढतात. आम्ही त्यांना झेरॉक्सकाका म्हणतो. फोटो निघाला की चिठ्ठी पोत्यात, आणि पोतं लगद्याच्या कारखान्यात. त्या चार लाखांतल्या तीसेक हजार आपल्या अण्णांच्या आहेत. शाळेत शिकवून आल्यावर रोज संध्याकाळी, फुकट, तीस वर्षं केलेलं काम. रोज एखादं पोतं जिन्यावरून खाली जाताना बघते आणि परत ‘न’ लिहायला बसते. दुसरं काय करणार?

तब्येत ठीक. पाठ धरते.

ताई


१३ जानेवारी

ताई,

नमस्कार. तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं. कारागिरांना वाटलं, कटिंग मास्तरला प्रेमपत्र आलं. म्हटलं, बहिणीचं आहे, आणि तिने नासाडीबद्दल विचारलंय. सगळे हसले, पण मग अर्धा तास त्याच्यावरच वाद चालला.

तर ऐक. आमच्याकडे लांबलचक टेबलावर कापडाचे पन्नास-साठ थर अंथरतात. वरच्या थरावर मी बाह्या, कॉलर, पाठ असं सगळं आखतो आणि मग एकदम कापतो. मधे जे तुकडे पडतात ते कातरण. कातरणाला कुणी नासाडी म्हणत नाही. बाहीला गोलाई आहे तर कातरण पडणारच, त्यात कुणाचा दोष नाही. नासाडी म्हणायची ती मी आखायला चुकलो तर. आमचा सगळ्यात जुना कारागीर म्हणाला ते तसंच्या तसं लिहितो: “ज्या कापडात शर्ट होता आणि निघाला नाही, ती नासाडी.” उधळपट्टी हा आमच्या मालकांचा शब्द आहे. तो फक्त आमच्या चहाला लावतात.

आता तू विषय काढलाच आहेस तर माझंही एक काम कर. मी शेवटच्या वर्षाच्या परीक्षेत कोरी उत्तरपत्रिका देऊन आलो, तो दिवस तुला आठवतो ना? अण्णा दारात उभे होते. म्हणाले, “चार वर्षांची नासाडी केलीस.” ते मी ऐकून घेतलं असतं. ओरडून घेण्यासारखंच वागलो होतो. पण ओरडून झाल्यावर ते थांबले, खिशात हात घातला, चिठ्ठी काढली आणि आपलंच वाक्य लिहून घेतलं. तारखेसकट! तू स्वयंपाकघराच्या दारात होतीस, तू पाहिलंयस. बाप ओरडला म्हणून कुणी घर सोडत नाही गं. मी त्या चिठ्ठीपायी सोडलं.

मग दर वर्षी त्यांना एक पत्र टाकलं. अठरा पत्रं. अर्धांगानं त्यांचा हात आणि तोंड बंद झालं त्यानंतरचं सोडून दे, पण त्याआधी तेरा वर्षं हात चांगला होता. एका ओळीचंही उत्तर नाही. माझ्या पत्रांची नासाडीच म्हणायची.

ती चिठ्ठी ‘न’च्या खणात असणार. आहे का? आणि नंतर कधी त्यांनी ती खोडली का, तिच्यावर काही लिहिलं का? मला एवढंच कळायला हवं. पोत्यात जायच्या आत बघ.

धाकटा


२१ जानेवारी

प्रिय धाकट्या,

तुमच्या जुन्या कारागिराला माझा नमस्कार सांग. संपादकबाई वाक्य वाचून खुर्चीतून उठल्याच. एरवी त्या आग लागली तरी उठायच्या नाहीत.

तू म्हणतोस ती चिठ्ठी खणात नाही. नीट बघितलं. एवढ्या वर्षांत कुठेतरी गहाळ झाली असेल. तू आता ते धरून बसू नकोस, दोघंही आपापल्या जागी बरोबर होता असं समज.

तुला पित्ताचा त्रास व्हायचा तो आता कसा आहे? वेळेवर जेवतोस ना? भावजयीची तब्येत कशी आहे?

ताई


२९ जानेवारी

ताई,

पित्त ठीक आहे. जेवण वेळेवर आहे. हिची तब्येत उत्तम आहे. तू लहानपणापासून खोटं बोललीस की समोरच्याच्या तब्येतीची चौकशी करतेस. आईची बरणी फोडलीस तेव्हाही मला विचारत होतीस, तुझं डोकं दुखतंय का रे.

चिठ्ठी पाठव.

धाकटा


८ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

घे बाबा. सोबत जोडली आहे. जशी आहे तशी.

‘नासाडी. “चार वर्षांची नासाडी केलीस.” वडील, मुलास उद्देशून. बोलणारा: स्वतः.’ आणि तारीख. खोडलेली नाही, वर काही लिहिलेलं नाही. हे तुला कशाला कळवायचं म्हणून नाही म्हणाले. आता एकदाचं कळलं ना?

मी त्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात होते हे खरं आहे. तू पिशवी घेऊन निघालास, अण्णा चिठ्ठी लिहीत होते, आणि मी तुम्हा दोघांपैकी कुणालाच काही बोलले नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

पण आणखी एक आहे. सांगावं की नाही, आठ दिवस विचार करत होते.

ही चिठ्ठी उलटी करून बघ. मागे भूगोलाची प्रश्नपत्रिका आहे. अण्णांचा पाठकोऱ्या कागदांचा खण आठवतो? घरात एका बाजूने कोरा असलेला कुठलाही कागद आला की तो त्या खणात जायचा. मग रविवारी ती टोक तुटलेली पोलादी पट्टी धरून ब्लेडने एकेका पानाचे आडवे चार तुकडे करायचे, आणि त्या झाल्या चिठ्ठ्या. कोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या करणं म्हणजे त्यांना पाप वाटायचं. त्यामुळे त्यांच्या चिठ्ठ्यांच्या मागे काय वाटेल ते सापडतं. पेपरात येणारी जाहिरातपत्रकं, पाणी बंद राहण्याच्या नोटिसा, शाळेची परिपत्रकं. माझंही एक जुनं टाइप केलेलं पत्र आहे, ते सोड.

तर तुझी चिठ्ठी शोधताना शेजारची ‘नासका’ हाताला लागली. तू गेल्यानंतर दोन वर्षांची. सहज उलटली. मागे अण्णांचंच अक्षर. तीन ओळी आहेत, खाली-वर कापलेल्या:

‘…पत्र पोचलं. दोनदा वाचलं. कापडाच्या कारखान्यात लागलास, हात कात्रीला सरावला हे बरं झालं. डोळ्यांना उजेड पुरेसा…’

एवढंच. पुढचा तुकडा कुठल्या शब्दाच्या मागे गेला असेल, देव जाणे.

म्हणजे ते उत्तर लिहायचे. टाकायचे नाहीत. आणि न टाकलेलं पत्र पाठकोरंच की! ते वाया कसं घालवायचं? म्हणून कापायचे. असा आपला बाप.

ताई


१५ फेब्रुवारी

ताई,

दोनदा वाचलं असं लिहिलंय त्यांनी. दोनदा! त्या अक्षरावरून मी इतक्यांदा बोट फिरवलं की ही म्हणाली, आता पुसून जाईल.

शोध, ताई. पाया पडतो. सगळे तुकडे मला पाठव, लावायचं काम माझं. मी वीस वर्षं हेच करतो आहे. पट्टीचं टोक तुटलेलं होतं ना, मग प्रत्येक कापाच्या शेवटी ब्लेड किंचित घसरलेलं असणार. ‘नासका’च्या उजव्या बाजूला ते दिसतं. एका तुकड्याची घसर दुसऱ्याच्या घसरीत बसली की ते एका पानाचे. एक लाख तुकडे दिलेस तरी लावीन.

कुणाला काही द्यावं लागलं, विनवावं लागलं तरी विनव. पोती थांबव.

धाकटा


२४ फेब्रुवारी

धाकट्या,

पोती थांबव म्हणे. मी कोण, कोशाची महाराणी? ‘अ’पासून ‘ढ’पर्यंतची पोती कधीच गेली. तिथे काय काय होतं ते आता वह्या झालं असेल नाहीतर अंड्यांचे ट्रे.

तुझं पत्र आलं तेव्हा मी सकाळपासून दोनशे चिठ्ठ्या लावून, पाठ टेकायला जागा शोधत होते. शोध ताई, थांबव ताई, विनव ताई. सहा वर्षं अण्णांची कूस बदलली, घास भरवला, अंग पुसलं, तेव्हा तुझी दर वर्षी एक पत्र टाकून सुटका होत होती. ती पत्रं त्यांना मी वाचून दाखवायची. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं, ते मी पुसायची. आता मेल्यावरही त्यांनी तुझ्यासाठी काय लिहिलं ते मीच हुडकायचं!

रागावले आहे, हो. कशाचा राग आला तेही सांगून टाकते. तेरा वर्षं तो माणूस तुला पत्रं लिहीत होता. माझ्यासाठी एक ओळ नाही. नसणारच. घरातल्या माणसाला कोण पत्र लिहितं? मी आपली शेजारच्या खोलीत. मला कुठे जायचंही नव्हतं, त्यामुळे कुणाला वाट बघावी लागली नाही.

असो. झालं बोलून.

झेरॉक्सकाकांना विनवलं. आधी म्हणाले, “मॅडम, मागची बाजू माझ्या कामात येत नाही.” मी म्हटलं, फोटो काढू नका, नुसती उलटी करा, दोन्ही बाजूंना एकच अक्षर दिसलं तर बाजूला ठेवा. दिवसभर तोंडातल्या तोंडात पुटपुटत होते. संध्याकाळी माझ्या टेबलावर रबर लावलेला गठ्ठा ठेवला आणि म्हणाले, “माझाही मुलगा बोलत नाही माझ्याशी.” आणि डबा उचलून घरी गेले.

‘ण’पासून ‘ब’पर्यंतचे त्रेसष्ट तुकडे पाठवते आहे. वाचले नाहीत. मला त्राण नाही.

ताई


६ मार्च

ताई,

तुला काय लिहू? तू म्हणालीस त्यातला एक शब्द चुकीचा नाही. मी दोन तास येऊन गेलो, कारण त्याहून जास्त थांबलो असतो तर तुझ्या हाताकडे बघावं लागलं असतं. तुझे हात आईच्या हातांसारखे झालेत. मी भित्रा आहे, बाकी काही नाही.

रविवारी कारखाना बंद असतो. मालकांकडून किल्ली मागून घेतली, मोठं टेबल पुसलं आणि त्रेसष्ट तुकडे मांडले. नऊ वेगवेगळी पत्रं आहेत. एकही पुरं नाही. पण एका पानाचे तीन तुकडे लागले. पहिल्या-दुसऱ्या वर्षातलं असणार. उतरवून देतो:

‘धाकट्या, त्या दिवशी मी चिठ्ठी काढायला नको होती. हाताला सवय. तू जिना उतरत होतास आणि मी तारीख घालत होतो. तुझ्या पावलांचा आवाज थांबल्यावर माझ्या ध्यानात आलं की मी काय करतो आहे. चिठ्ठी फाडावी असं रोज मनात येतं. पण कोशाची चिठ्ठी फाडायची नसते, हे मीच सगळ्यांना शिकवलं. तेव्हा ती राहील, आणि मी…’

इथे कापलंय.

मी टेबलावर डोकं ठेवून रडलो, ताई. पंचेचाळीस वर्षांचा घोडा. वॉचमन आत येऊन बघून गेला. एवढं एक वाक्य त्यांनी टाकलं असतं, पाकिटात घालून कोपऱ्यावरच्या पेटीत टाकलं असतं, तर मी त्याच रात्री गाडीत बसलो असतो. आणि सहा वर्षं कूस बदलायला दोघं असतो.

उरलेले पाठव. तुला जमेल तेव्हा. घाई करत नाही.

धाकटा


१४ मार्च

धाकट्या,

उरलेले ‘भ’ ते ‘ज्ञ’. एकतीस. आता खण रिकामे झाले. नुसती लाकडं दिसतात, वास मात्र अजून तसाच आहे.

वाक्य वाचलं. बरं वाटलं. तुझ्यासाठी खरंच बरं वाटलं. मागचं पत्र रागात लिहिलं होतं, पण परत मागत नाही.

लागले तर कळव.

ताई


२ एप्रिल

ताई,

दोन आठवडे उत्तर दिलं नाही. आजारी नव्हतो. पत्र लिहून पाकीट बंद केलं आणि तीनदा उघडलं. हिला विचारलं, ताईला हे पाठवू का? ही म्हणाली, “तुमच्या घरात पत्रं न टाकून काय झालं ते बघितलंत ना? टाका.”

म्हणून टाकतो आहे.

दुसऱ्या गठ्ठ्यातले दोन आणि पहिल्यातला एक असे तीन तुकडे एका पानाचे निघाले. घसर अगदी बरोबर बसते, शंका नाही. चिठ्ठ्यांवरच्या तारखा बारा वर्षांपूर्वीच्या आहेत. तुकडेच पाठवतो, पण फाटले-हरवले तर म्हणून इथेही लिहितो.

‘धाकट्या, आज एक गोष्ट केली. ती तुलाच सांगता येईल, कारण ही पत्रं मी टाकत नाही हे आता मला ठाऊक झालं आहे. पाठकोऱ्या कागदांच्या खणात ताईच्या नावाचं नेमणुकीचं पत्र…’

‘…सापडलं. कॉलेजात भाषा शिकवायची जागा, दूरच्या गावी. तारीख तीन आठवड्यांपूर्वीची. तिने घरात अवाक्षर काढलेलं नाही. मी ते पुरतं वाचलं. तिला जाऊन “जा” म्हणायला बारा पावलं चालावं लागलं असतं. मी चाललो नाही. मला वेळेवर जेवण मिळतं. चिठ्ठ्या…’

‘…लावून मिळतात. मी पट्टी घेतली आणि ते पत्र कापलं. तिने विचारलं तर न बघता कापलं म्हणायचं असं ठरवलं. ती विचारणार नाही. तुझ्या चार वर्षांना मी नासाडी म्हणालो होतो. तो शब्द मी चुकीच्या माणसाला लावला. नासाडी मी केली आहे, आणि ती हिची. तिला सांग की…’

चौथा तुकडा नाही. दोन्ही गठ्ठे पुन्हा पुन्हा चाळले. ‘अ’ ते ‘ढ’मध्ये गेला असणार. तुला काय सांगायचं होतं ते मला माहीत नाही, ताई. निरोप्याला निरोपच मिळाला नाही.

तुला जागा मिळाली होती? आणि मला वाटायचं, ताईला घर आवडतं. सगळ्यांना मीच सांगायचो, आमच्या ताईला कुठे जायचंच नसतं.

इकडे ये. पाहुणी म्हणून नको, राहायला ये. खोली आहे, खिडकी आहे, ही वाट बघते आहे. येशील का?

धाकटा


१९ एप्रिल

प्रिय धाकट्या,

तुकडे मिळाले. चार दिवस टेबलावर ठेवून त्यांच्या बाजूने ये-जा केली. पाचव्या दिवशी मोजलं. बारा पावलं नाहीत रे, नऊ आहेत. अण्णांच्या खुर्चीपासून माझ्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत नऊ. ज्या माणसाने जन्मभर वेलांटीची चूक खपवून घेतली नाही, त्याने पावलं चुकवली.

आता तुझ्यापासून काय लपवायचं? ते पत्र मी त्या खणात टाकलं नव्हतं, ठेवलं होतं. सगळ्यात वर, छापील बाजू वर करून, त्यांना दिसावं म्हणून. मला जाते म्हणता येत नव्हतं. त्यांनी “जा” म्हणावं एवढं हवं होतं. तीन आठवडे वाट पाहिली. मग एका संध्याकाळी चिठ्ठ्या लावताना ‘निमूट’ची चिठ्ठी उलटी पडली आणि मागे माझं नाव दिसलं. मी मनाशी म्हटलं, न बघता कापलं असेल, सवयीने. सहा वर्षं त्यांना घास भरवला तो त्या ‘न बघता’च्या जोरावर. आणि आता तू सांगतोस, त्यांनी बघितलं होतं.

फार राग आला. मेलेल्या माणसावर इतका राग येतो हे माहीत नव्हतं. त्यांची खुर्ची उचलून जिन्याखाली नेऊन ठेवली, मोलकरीण घाबरली. मग त्याच जिन्यावर बसून रडले. कापल्यानंतर पाच वर्षं ते धडधाकट होते. पाच वर्षं मी रोज सकाळी त्यांच्यासमोर चहा ठेवला. तेव्हा बोलायचं होतं. तिला सांग म्हणे! नऊ पावलांवरच्या बाईला निरोप पाठवायचा, तोही तुझ्याकडून, तोही न टाकलेल्या पत्रातून.

पण शब्द त्यांनी बरोबर वापरला. तेवढं मी मानते. ज्या कापडात शर्ट होता. होता हे त्यांना दिसलं होतं. मला वाटायचं, मलाच तसं वाटतं.

चौथ्या तुकड्याचं मनावर घेऊ नकोस. नसू दे. त्यांनी लिहिलं असतं “क्षमा कर”, तर मला करावी लागली असती. आता माझ्या सवडीने करीन, किंवा नाही करणार.

‘नासाडी’ची नोंद छापायला गेली. वाक्य तुमच्या जुन्या कारागिराचं आहे. खाली लिहिलंय, ‘कापड कारागीर, बोली.’ अण्णांचं एकही वाक्य त्या शब्दाखाली नाही, संपादकबाईंनी विचारलंही नाही. तुझी चिठ्ठी तुझ्याकडेच राहू दे. कोशाची चिठ्ठी फाडायची नसते असं ते म्हणायचे, पण आता तिचा फोटो निघालाय. तेव्हा तुझं तू बघ.

कचेरी बंद झाली. झेरॉक्सकाका शेवटच्या दिवशी सांगून गेले की मुलाला पत्र टाकलं, खरंच पेटीत टाकलं. मी शुक्रवारच्या गाडीने निघते. किती दिवस राहीन ते विचारू नकोस, मलाही माहीत नाही. कॉलेजं आता मला घेणार नाहीत, पण तुमच्या कारागिरांना बसून वाचायला-लिहायला शिकायचं असेल तर सांगून ठेव. आणि तुला परत एकदा नीट उत्तरपत्रिका लिहायची असेल तर मी बसते समोर पट्टी घेऊन. टोक तुटलेली नव्हे, नवी.

हा कागद दुकानातून आणलाय, दोन्ही बाजूंनी कोरा करकरीत. खालचं अर्धं पान रिकामं सोडते आहे. मागे काही लिहिलेलं नाही, उलटून बघत बसू नकोस. स्टेशनवर ये.

तुझी ताई